बहात्तर ग्रॅमची हिंसा

सोमवार, ५ मे. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. वाचणारा कोणी नाही, तरी शुद्धलेखनात सूट नाही.

काल दलीचंद शेठनी बोलावलं. वारूळवाडीच्या टोमॅटो शेडचे ते मालक, मी सुपरवायझर. नोकरी अकरा वर्षं, चार महिने. शेठ म्हणाले, "रखमाजी, पुण्याची कंपनी आपला माल बारमाही घ्यायला तयार आहे. पण आधी ऑडिट. वीस तारखेला त्यांची मॅडम येणार. शेडमध्ये मारामारी होऊ नये म्हणून तुम्ही काय करता, ते दाखवा म्हणतात." मी विचारलं, आपल्याकडे मारामारी झालीय कधी? शेठ म्हणाले, "कधीच नाही. म्हणून तर एकही कागद नाही."

पुढचं वाक्य जसंच्या तसं: "ऑडिट पास झालं तर तुम्ही मॅनेजर. ती काचेची केबिन तुमची."

केबिन दहा फूट बाय आठ. रात्री मोजून आलो. खुर्ची फिरती आहे. डावीकडे फिरताना किंचित कुरकुरते, तेल लागेल. तशी नोंद केली.

माझं शिक्षण दहावी. बाकी सगळं स्वतः शिकलेलो. कॉम्प्युटर, काट्याची दुरुस्ती, लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासणं. नारायणगावापासून पिंपरी पेंढारपर्यंत कोणाची पत्रिका छापायची असेल तर प्रूफ आधी माझ्याकडे येतं. माझ्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नाही, मग हिंसा कशी सुटेल?

मंगळवार, ६ मे. दुपारी
अभ्यास. 'कामाच्या ठिकाणची हिंसा' या विषयावर मोबाइलवर एकोणतीस व्हिडिओ पाहिले. दीडपट वेगाने, म्हणजे ज्ञानही दीडपट. अठरा हिंदी, अकरा इंग्रजी. इंग्रजी हावभावांवरून समजले.

मुख्य मुद्दा: हिंसा अचानक होत नाही. माणूस आधी धुमसतो. आमच्या शेडमध्ये कोणीच धुमसताना दिसत नाही. म्हणजे सगळे आतून धुमसत असणार. अकरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बुधवार, ७ मे
धोरण तयार. कलमं एकेचाळीस. कलम सतरा मला स्वतःला फार आवडलं: "कामाच्या ठिकाणी अबोला धरणे ही शांत हिंसा होय." कुठल्या व्हिडिओत होतं आठवत नाही. बहुधा माझंच असावं.

सौ.ने वाचलं. म्हणाली, "आन् भरतभावजींचं काय?" मी म्हणालो, तो विषय वेगळा.

वेगळा का, ते एकदा लिहून ठेवतो. भरत माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमच्याच शेडमध्ये काट्यावर असतो. बावीस वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. पत्रिकेत 'आपले विनीत' याखाली घरातला थोरला म्हणून माझं नाव पहिलं हवं. छापलं सातवं. सहावा कोण? आळेफाट्याचा मांडववाला! मी लग्नाला गेलो, पण जेवलो नाही. बुंदी तेवढी घेतली. दोनदा. तेव्हापासून बोलणं बंद.

पण शेडमध्ये याचा काडीचा त्रास नाही. मी म्हणतो, "सारजाबाई, त्याला विचार वजन किती." सारजाबाई म्हणजे माल निवडणाऱ्या बायांची मुकादम. ती मान वळवून भरतला विचारते, तो तिला सांगतो, ती मला सांगते. मी आणि भरत यांच्यात अंतर चार फूट. अकरा वर्षांत एकदाही आवाज चढलेला नाही. तेव्हा याला अबोला म्हणता येत नाही. ही कार्यपद्धती आहे.

गुरुवार, ८ मे. संध्याकाळी ७
धडाक्यात सुरुवात.
एक. दारात बोर्ड: 'हिंसामुक्त दिवस'. पुढे आकडा बदलायला खिळा. खरं तर चार हजारच्या वर आकडा लावायला हवा होता, पण खिळ्यावर दोनच पाट्या बसतात. म्हणून १ पासून.
दोन. तक्रारपेटी. कुलूप माझं.
तीन. शिट्टी. आवाज चढला की शिट्टी.

पहिल्याच दिवशी सदतीस वेळा वाजवावी लागली. वारूळवाडीची कुत्री दोनदा आत आली. सारजाबाई म्हणाली, "रखमाजीभाऊ, आमी भांडत न्हाई. मशीन चालू आसतं म्हनून वरडून बोलतो." मी शांतपणे शिट्टी वाजवली. तिचा आवाज चढला होता.

शुक्रवार, ९ मे
आज सर्वांत मोठी सुधारणा. हमालांच्या शिव्या बंद.

टेम्पो भरताना सहा जणांची साखळी असते. वीस किलोचं कॅरेट या हातातून त्या हातात. सोडणारा शिवी देतो, झेलणारा शिवी ऐकतो आणि कॅरेट झेलतो. वर्षानुवर्षं हेच. गेणू हा त्यांचा म्होरक्या. त्याच्या शिव्यांमध्ये आई, बहीण, मामा असा क्रम असतो आणि मामा आला की थप्पी पूर्ण. मी सांगितलं, आजपासून शिवीच्या जागी 'धन्यवाद'.

गेणू म्हणाला, "आवो राव, शिवी सोडली की कॅरेट सुटतं. धन्यवादात जोर न्हाई." मी म्हणालो, सवयीने येईल. तो म्हणाला, "बरं. आन् बिबट्याचं काय? त्यो आठवड्यातनं दोनदा शेडमागं येतो. हजेरीवर न्हाई, पन कामाच्या जागी हाय. त्याला धन्यवाद कोन म्हननार?"

सगळे हसले. वातावरण मोकळं होतंय. कलम बेचाळीस वाढवलं: वन्य प्राणी.

शनिवार, १० मे
धन्यवादाचा पहिला पूर्ण दिवस. तीन कॅरेट पायावर, एक पोटावर. टेम्पो चाळीस मिनिटांत भरायचा, दोन तास लागले. तालासाठी वेळ लागणारच.

दुपारी दोन हमालांत थोडी बाचाबाची. एक म्हणे, "तू मला मनापासनं धन्यवाद म्हनला न्हाईस." दुसरा म्हणे, "दिवसातनं च्यारशे बारा येळा मनापासनं कसं म्हनू?" एकमेकांच्या कॉलरपर्यंत हात गेले. मी मध्ये पडून शिट्टी वाजवली. मारामारी झाली नाही, म्हणून धरली नाही. बोर्डवर ३.

यावरून सिद्ध होतं की राग आत होताच. मी तो बाहेर काढतोय.

सोमवार, १२ मे
रोज सकाळी प्रत्येकाचा रागाचा आकडा विचारायचा, एक ते दहा. आज पहिला दिवस.
सोनीबाई: "सात. पन त्यो नवऱ्यावर हाय, आन् त्यो घरी हाय. चालंल का?"
सारजाबाई: "इचारायच्या आधी शून्य व्हता."
गेणू: "शिवी देऊ दिली तर दोन, न्हाई तर नऊ."
भरतचा आकडा सारजाबाईकडून मागवला. निरोप आला, "त्याला सांग, बावीस." एक ते दहामध्ये सांगायचं होतं. शिस्त नाही.

मंगळवार, १३ मे
तक्रारपेटी उघडली. चिठ्ठ्या एकोणीस. सतरा शिट्टीबद्दल. शिट्टी लोकांच्या मनात किती रुजली आहे! एक चहातल्या साखरेबद्दल. एका चिठ्ठीवर नुसतं चित्र: मिशा, तोंडात शिट्टी, डोक्यावर दोन शिंगं. सोनीबाईला लिहिता येत नाही, तिचंच असणार. शिंगं म्हणजे मुकुट असावा. पाकिटात जपून ठेवलं.

गुरुवार, १५ मे. रात्री, पाठीला शेक देत
प्रात्यक्षिक घेतलं. व्हिडिओ क्रमांक चौदाप्रमाणे: हल्लेखोर आला तर दोन हात अंतर, तळवे उघडे, आवाज हळू. गेणूला हल्लेखोर केलं. तो म्हणे, "मला जमायचं न्हाई राव, मी कुनाला मारलंच न्हाई कंदी." मी म्हणालो, डोळे मोठे करून माझ्याकडे धावत ये, बास. तो आला. मी तळवे उघडले. तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर आत आला. नवा माणूस, त्याला वाटलं खरंच. त्याने गेणूला सोडलं आणि मला धरलं. कारण ओरडत मीच होतो. उचलून थेट कच्च्या मालाच्या ढिगावर. वर म्हणतो, "पावनं, गरीब हमालाला दमदाटी करता व्हय?"

बाया हसून हसून खाली बसल्या. भरतसुद्धा हसला. मी पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात पाहिले, खालचा एक पडलाय.

प्रात्यक्षिकातली हिंसा ही हिंसा नव्हे. बोर्डवर ८.

शनिवार, १७ मे
आढावा. योजनेच्या आधीच्या अकरा वर्षांत भांडणं: शून्य. योजनेच्या दहा दिवसांत: बाचाबाची सहा, कॉलर दोन, डबा फेकणे एक (रिकामा). शेठ म्हणाले, "रखमाजी, हे जरा उलटं होत नाही का?" मी समजावलं. आधी मोजत नव्हतो, आता मोजतो. शेठ बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. पटलेलं दिसलं.

रविवार, १८ मे
सौ.ने बातमी आणली. भरतच्या मुलीचं, समृद्धीचं, लग्न ठरलं, जूनमध्ये. पत्रिका छापायला टाकलीय. सौ. म्हणाली, "ल्हानपनी तुमच्याच मांडीवर बसायला पळायची ती. भावजी बघाय लागले की उचलून न्यायचे." मी म्हणालो, प्रूफ कोणी तपासलं? ती म्हणाली, "तुमी सोडून कुनीबी तपासंल." चुका निघणार. मला काय.

दुपारी झोप नाही. उकाडा.

सोमवार, १९ मे
सगळी तयारी पूर्ण. फाइल एकशे बारा पानं, अनुक्रमणिकेसह. केबिनच्या खुर्चीला तेल घातलं. जरा बसून पाहिलं. काचेतून पूर्ण शेड दिसते. भरतचा काटासुद्धा. मॅनेजर झाल्यावर त्याला निरोप पाठवायला सारजाबाई लागणार नाही, माइक बसवून घेता येईल.

मंगळवार, २० मे. सकाळी ९.४०
मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस असेल, वहीला पेन बांधलेलं. शिस्त आहे. बोर्डवर १३. मी इस्त्रीचा शर्ट, शिट्टी गळ्यात.

११.१५
मॅडमनी फाइल वाचली. कलम सतरावर थांबल्या. म्हणाल्या, "हे फार छान लिहिलंय. अमलात आहे?" मी म्हणालो, हंड्रेड पर्सेंट. मागून गेणू म्हणाला, "मंग भरतभाऊशी बोला की राव!"

चाळीस बायांचे हात एकदम थांबले. मशीनसुद्धा कोणीतरी बंद केलं.

पुढचं नंतर लिहितो.

संध्याकाळी ६. घरी. घडलं तसं, क्रमाने
मी भरतकडे वळलो. म्हणालो, "भरत, आजचं वजन किती?" तो सारजाबाईला म्हणाला, "त्याला सांग, काट्यावर लिवलंय." बाया खुसखुसल्या. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच फाइलमध्ये पान चौसष्टवर पद्धत आहे. ज्याला जे दुखलंय ते त्याने शांतपणे सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं." पान चौसष्ट माझंच. पर्याय नव्हता.

मी सांगितलं. पत्रिका. विनीत. सातवं नाव. सहावा मांडववाला. आवाज हळू, तळवे उघडे. सगळं व्हिडिओप्रमाणे. मला वाटतं शेठचे डोळे पाणावले.

मग भरतची पाळी. त्याने काट्यावरचं फडकं घडी केलं आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा."

बावीस वर्षांनी दादा म्हणाला. मला वाटलं, झालं, ऑडिट पास.

तो म्हणाला, "दादा, पत्रिकेचं प्रूफ मीच घिऊन आलो व्हतो तुमच्याकडं. तुमच्या वट्यावर दोन तास बसलो. तुमी त्रेचाळीस चुका काढल्या. काना, मात्रा, समदं. मी म्हनलो, दादा, नावं बी बघा. तुमी म्हनलात, नावं काय बघायची, ती बरोबरच आसत्यात. आन् सही केली. छापनाऱ्यानं तुमची सही बघून छापली."

मी म्हणालो, साफ खोटं. तो म्हणाला, "तवापास्नं मी गप बसलो. चारचौघांत तुमची चूक कशी काढायची म्हनून. धाकटा हाय ना मी."

गेणू म्हणाला, "आरं तिच्या..." आणि थांबून म्हणाला, "धन्यवाद."

सगळे हसले. मॅडमसुद्धा. मग माझ्या हातून टोमॅटो सुटला.

नीट नोंद: टोमॅटो दुसऱ्या प्रतीचा, पिकलेला. अंतर चार फूट. भरतच्या खांद्याला लागला, फुटला आणि नमुन्याच्या छोट्या काट्यावर पडला. काट्याने आकडा दाखवला. भरतने, अकरा वर्षांच्या सवयीने, मोठ्यांदा वाचला, "बहात्तर ग्रॅम." मग शर्टाकडे बघून म्हणाला, "उरल्याला हितं हाय."

मी दुसरा उचलला होता हे मान्य. सारजाबाई मध्ये येऊन उभी राहिली. शिट्टी नाही, तळवे नाहीत. नुसती म्हणाली, "रखमाजीभाऊ, त्यो पहिल्या प्रतीचा हाय. खाली ठिवा." मी ठेवला. भरतला म्हणाली, "तुमी शर्ट धुऊन या." तो गेला. बायांना म्हणाली, "आन् तुमी काय शिनिमा बघताय? हात चालवा." मशीन सुरू झालं. एकूण वेळ अर्धा मिनिट.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या.

बुधवार, २१ मे
ऑडिट पास!

शेरा असा: "वाद मिटवण्याची स्थानिक पद्धत अत्यंत प्रभावी. घटना लगेच आटोक्यात. अधिकारी तेवढा बदलावा." प्रभावी पद्धत असलेली शेड कोणाच्या देखरेखीखाली घडली, हे लिहायचं राहिलं असावं.

मॅनेजर सारजाबाई. शेठनी मला मिठाई दिली. तीही सारजाबाईच्या हातून.

हमालांच्या शिव्या परत सुरू. टेम्पो अडतीस मिनिटांत भरला. शिट्टी सोनीबाईच्या नातवाला दिली. रागाचा आकडा बंद. घटनेचा फॉर्म मात्र मलाच भरायला लावला. मी लिहिलं: "फळ निसटले." सारजाबाईने केबिनमधून परत पाठवला: "निसटले खोडा." खोडलं.

बोर्डवर शून्याची पाटी लावली. मीच. सरळ बसत नव्हती, तीनदा लावली.

शुक्रवार, २३ मे. सकाळी
केबिनचं काय केलंय बघवत नाही. टेबलावर चाळीस डबे. कोपऱ्यात कोणाच्यातरी बाळाची झोळी. जेवणाच्या सुट्टीत बाया पाळीपाळीने फिरत्या खुर्चीत बसून गरागरा फिरतात आणि किंचाळतात. खुर्ची कुरकुरत नाही. तेल माझं.

भरतचं खोटं उघडं पाडायचं म्हणून पत्र्याची पेटी काढली. माझ्याकडे प्रत्येक प्रूफची प्रत असते. सापडली. लाल पेनाने दुरुस्त्या मोजल्या: त्रेचाळीस. 'आपले विनीत' याखाली एकही खूण नाही. पहिली सहा नावं, मग सातवं, रखमाजी. त्याखाली: "तपासले. बिनचूक." आणि सही.

सही माझ्यासारखी आहे.

सौ. चहा घेऊन आली, कागद बघितला. चहात साखर जास्त घातली होती.

माझीच आहे.

शनिवार, २४ मे. दुपारी २
बोर्डवर ३.

एक अडचण मी योजनेत धरली नव्हती. सारजाबाई केबिनमध्ये बसते. म्हणजे माझ्या आणि काट्याच्या मध्ये आता कोणीच नाही. काल दिवसभर वजन विचारलंच नाही, अंदाजाने लिहिलं. संध्याकाळी हिशेबात दोनशे किलोंची तूट. सारजाबाईने काच ठोकून बोलावलं. म्हणाली, "मी काय आता निरोप पोचवायला उठायची न्हाई. माझी खुर्ची दुसरं कुनीतरी घेतं."

आज साडेअकराला भरतकडे गेलो. विचारलं, वजन किती. तो म्हणाला, "वीस तीनशे, दादा." मी लिहिलं. तो म्हणाला, "थांबा जरा," आणि काट्याखालून एक कागद काढला. समृद्धीच्या पत्रिकेचं प्रूफ. म्हणाला, "तपासायला कुनाला दिलंच न्हाई. ह्या टायमाला नावापास्नं वाचा."

तिथेच उभ्याने वाचलं. 'आपले विनीत'. पहिली जागा मोकळी. भरत दुसरीकडे बघत म्हणाला, "ज्याचं त्यानं लिवावं. मी न्हाई लिवनार. पुन्हा बावीस वर्सं नकोत." पेन काढलं. पहिल्या जागेवर टेकवलंसुद्धा. मग सातव्या जागेवर लिहिलं. तिथून सगळी नावं नीट दिसतात, लक्ष ठेवायला बरं.

भरतने बघितलं. म्हणाला, "सातवा मांडववाला हाय, दादा. त्याला आठवा करू का?"

बाकी दुरुस्त्या एकतीस.

आणखी एक. फॉर्ममध्ये अंतर चार फूट लिहिलं होतं, ते मोजून लिहा असं सारजाबाईने सांगितलं होतं. टेपचं एक टोक भरतने धरलं. तीन फूट दोन इंच निघालं. खोडून सुधारलं.